भिजत घातलेले गहू

“तोंड उघडायचं नाही,” डॉक्टर कोरे म्हणाले. “बोलायचं नाही, थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही. आइस्क्रीम चालेल.”

मी खुर्चीत आडवी. तोंडात कापसाचा बोळा, डावा गाल कुणा परक्या बाईचा असावा तसा बधिर. शेजारी हे उभे होते. हे म्हणजे माझे यजमान, जयवंत आवटी, पाटबंधारे खात्यात. दाढ माझी निघाली होती आणि तेज ह्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं.

“किती दिवस बोलायचं नाही, डॉक्टर?”

“तीन-चार दिवस तरी. अक्कलदाढ हाडात आडवी होती, हिरडी कापून काढावी लागलीय. टाके घातलेत. बोलल्या तर तुटतील.”

“आपण आठवडा धरून चालू,” हे म्हणाले. “म्हणजे कसं, नीट भरून येईल.”

मी डोळे वटारले. पण नुसत्या डोळ्यांनी काय होतंय? माझी सगळी ताकद जिभेत, आणि ही गोष्ट आख्ख्या मिरजेला नसली तरी आमच्या गल्लीला पक्की ठाऊक होती. आमच्याकडे येताना दूधवाला दुधात पाणी घालायचं धाडस करत नसे. रॉकेलच्या रांगेत मी उभी असले की कुणी मध्ये घुसत नसे. लोक मला तोंडाळ म्हणायचे. म्हणोत बापडे. ज्या घरात नवरा भांडणाचा वास आला की पिशवी घेऊन भाजीला जातो, त्या घरात बाईला तोंड ठेवावंच लागतं.

घरात मला तोडीस तोड एकच माणूस होतं. आक्का, माझ्या सासूबाई. वय सत्तरीच्या पुढं, दात सगळे स्वतःचे, सुपारी अजून कातरून चघळायच्या. आमचं भांडण रोज व्हायचं, न चुकता, देवपूजेसारखं. विषय कुठलाही चाले. आमटीत गूळ जास्त झाला, वाळत घातलेली चादर उलटी घातली, पाहुण्यांना चहा आधी की पाणी आधी. आणि प्रत्येक भांडण एकाच ठिकाणी येऊन थांबायचं.

“मी जाते मुकुंदाकडे पुण्याला! बस म्हणावं एकटी!”

“जा की! अडवलंय कुणी? ह्यांना सांगते स्टँडवर सोडायला!”

मग आक्का दाणदाण पाय आपटत स्वयंपाकघरात जायच्या, आणि थोड्या वेळानं दोन कप चहा घेऊन बाहेर यायच्या. एक त्यांचा, एक माझा. बोलायचं नाही, नुसता कप आपटून ठेवायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि दोघींनाही त्यात काही कमी वाटत नव्हतं.

मुकुंद म्हणजे माझे थोरले दीर. पुण्यात मोठी नोकरी, मोठा फ्लॅट. दिवाळीला त्यांचा फोन यायचा आणि आक्का तो संक्रांतीपर्यंत गल्लीला ऐकवायच्या.

दाढ काढून मी घरी आले, तर आक्का दारातच उभ्या.

“काढून आलीस? दाढ दुखली म्हणून काढतात होय गं? उद्या डोकं दुखलं तर काय करशील?”

एरवी मी याला उत्तर दिलं असतं. आक्का वाट बघत उभ्या राहिल्या. मी गालावर हात ठेवून नुसती आत गेले. त्या माझ्या मागं मागं आल्या.

“गहू भिजत घातलेत मी सकाळी. कुरडयांना. मोठ्या पातेल्यात. तुझी ती पुरणाची चाळणी झाकण म्हणून घेतलीय त्यावर.”

माझी पुरणाची चाळणी! दुसऱ्या कुठल्याही दिवशी या चाळणीवर तासभर सहज निघाला असता. मी कॉटवर जाऊन पडले. आक्का थोडा वेळ तिथंच घुटमळल्या, मग स्वतःशीच म्हणाल्या, “बाई गं, काय घर आहे का काय हे.”

मे महिना होता. मुलगी सुट्टीला माझ्या माहेरी गेलेली. कुरडयांचं काम कुणाला माहीत नसेल तर सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून पांढरा चीक काढायचा. तो रात्रभर बसू द्यायचा, सकाळी आधणात शिजवायचा आणि सोऱ्यातून उन्हात पाडायचा. चीक शिजवणं हे खरं कसब. हात क्षणभर थांबला की गुठळी. आक्कांच्या चिकात गुठळी झालेली कुणी पाहिली नाही, आणि माझ्या चिकात न झालेली कुणी पाहिली नाही. त्या म्हणायच्या, तुझ्या कुरडया तेलात सोडल्या की रुसून बसतात. भिजत घातलेले गहू टाकून आमच्याकडची बाई माहेरच्या लग्नालासुद्धा जायची नाही, मग बाकी कामांचं नाव कशाला.

दुसऱ्या दिवशी माझा गाल असा सुजला की आरशात बघून मीच दचकले. आणि बघणारे सुरू झाले. शेजारच्या कट्टीकाकू लवंगेचं तेल आणि ताटलीभर चकल्या घेऊन आल्या. दाढ काढलेल्या बाईला चकल्या! आणि मला बोलता येत नाही म्हटल्यावर त्यांचा असा समज झाला की मला ऐकूही येत नाही.

“दु-ख-तं-य का?” त्या माझ्या कानाशी ओरडल्या आणि स्वतःचा गाल दाबून दाखवला.

मी मान हलवली. मग माझ्या उशाशी बसूनच त्या आक्कांना म्हणाल्या, “बरी शांतता आहे हो घरात. तुम्हाला जरा विश्रांती.”

आक्का एकदम फणकारल्या. “कसली विश्रांती! कालपासून जेवण गेलं नाही मला.”

अकराच्या सुमाराला दारात पांढरी मारुती थांबली. मुकुंदभाऊजी आणि नलूवहिनी. पत्र नाही, फोन नाही.

“शैलाची दाढ काढली असं कळलं, मग राहवेना,” भाऊजी म्हणाले. माझ्या बाळंतपणाला त्यांना राहवलं होतं, माझा पाय मोडला तेव्हा राहवलं होतं, आणि दाढेला राहवेना झालं. वहिनींनी टेबलावर सहा सफरचंदं आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा ठेवला. मी त्या चिक्कीकडं बघत राहिले.

“कसला आंबूस वास येतोय?” वहिनींनी पदर नाकाला लावला.

“गहू भिजत घातलेत,” आक्का म्हणाल्या.

“अजून घरी करता? आमच्याकडं पाकिटं मिळतात.”

मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. हे वाक्य मी बोलले असते तर संध्याकाळपर्यंत पुरलं असतं.

चहा झाला आणि भाऊजींनी घसा खाकरला. आवटींच्या घरात असा घसा खाकरला म्हणजे बैठक बसली असं समजायचं. आमच्या बैठकीची एक रीत होती. ठरवायचं भाऊजींनी, मान हलवायची ह्यांनी, आणि जे ठरेल ते आक्कांच्या इच्छेनं ठरलं असं म्हणायचं. शेत विकलं ते आक्कांच्या इच्छेनं. मागची खोली भाड्यानं दिली ती आक्कांच्या इच्छेनं. आक्कांना हे सगळं नंतर कळायचं.

“आक्का, तू आमच्यासाठी खूप झिजलीस,” भाऊजी म्हणाले. “आता तू पुण्याला यावंस अशी आमची इच्छा आहे. कायमची. तुझीही कधीपासूनची तीच इच्छा आहे.”

“माझी?” आक्का म्हणाल्या.

“मग? नेहमी म्हणतेस की, मी मुकुंदाकडे जाते म्हणून. जयवंत, म्हणते का नाही?”

“म्हणते,” हे म्हणाले. खोटं कसं बोलणार? रोज ऐकत होते.

आक्का अडकल्या. इतकी वर्षं सांभाळलेली धमकी आता खुद्द मुलगा गाडी घेऊन पुरी करायला आला होता. त्यांनी पदर सारखा केला, सुपारीचा डबा उघडला, परत मिटला आणि माझ्याकडं पाहिलं.

“शैलाला विचारा. घर तिचं आहे.”

“विचारतो ना! शैला, तुझी काही हरकत?”

मी जिवाच्या आकांतानं “ऊं! ऊं!” केलं.

“बघ,” भाऊजी म्हणाले, “नाही म्हणतेय ती हरकत. चला, मग उद्या सकाळी निघू. ऊन व्हायच्या आत.”

बैठक संपली. हे पिशवी घेऊन भाजीला, म्हणजे कुठं तरी, बाहेर गेले.

खरं सांगते, पहिला विचार माझ्या मनात आला तो सुटकेचाच होता. आता आमटीत मला हवा तेवढाच गूळ. चादरी उलट्या, सुलट्या, वाटेल तशा. पुढचा विचार यायच्या आत नलूवहिनी माझ्या खोलीत आल्या. आमचा फोन माझ्या कॉटच्या उशाशी होता. त्यांनी दार लोटून घेतलं, माझ्याकडं बघून गोड हसल्या आणि पुण्याला त्यांच्या बहिणीला फोन लावला.

“हो गं, येतायत म्हातारबाई. उद्याच. आता काळजी मिटली. आम्ही अमेरिकेला गेलो की सहा महिने फ्लॅट बंद ठेवायला नको. अनघाचं बाळंतपण, मग लेक म्हणतेय तिथंच राहा थोडे दिवस… आणि प्रिन्सचं मुख्य. कुत्र्याला पाहणारं माणूस मिळत नाही गं! दोन वेळा फिरवायचं, तेवढंच तर काम आहे. नाही, इथं अजून बोललो नाही. आधी नेऊ, मग सांगू. एकदा तिकडं आल्या की जातायत कुठं? … छे, कोणी नाही. जाऊ आहे, पण तिचं तोंड शिवलंय.”

आणि त्या हसल्या. मला ऐकू येतं हे त्या बाईच्या डोक्यातच आलं नाही. गल्लीभर भांडणारी मी, आणि माझ्या उशाशी बसून माझ्या सासूला कुत्र्याची दाई करताना मला नुसती छताकडं बघत पडावं लागलं. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की दाढेची कळ विसरले.

वहिनी बाहेर पडल्या आणि पाठोपाठ आक्का पेजेचा वाडगा घेऊन आत आल्या. तांदळाची पातळ पेज, वर चमचाभर तूप. त्यांनी माझ्या पाठीशी उशी ठेवली आणि चमचा चमचा भरवायला लागल्या. पेज गार झाली होती. आक्कांच्या हातचं काही कधी गार नसायचं.

“तू काही बोलत नाहीस,” चमचा फुंकायची गरज नसताना तो फुंकत त्या म्हणाल्या. “म्हणजे जावं मी.”

मी मान जोरजोरात हलवली. गालातून कळ गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

“बरं बरं, रडू नकोस. आनंदानं कुणी रडत नाही एवढं मला कळतं,” त्या म्हणाल्या, आणि वाडगा घेऊन उठल्या.

संध्याकाळी हे घरी आले. मी मुलीची पाटी घेऊन तयार होते. मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘भाऊजी-वहिनी सहा महिने अमेरिकेला जाणार. आक्का एकट्या. कुत्रं सांभाळायला नेतायत.’

ह्यांनी वाचलं. रंग उडाला. मग शर्टाच्या बाहीनं घाईघाईत पाटी पुसली आणि दबक्या आवाजात म्हणाले, “हळू! ऐकतील ना!”

पाटीवर लिहिलेलं ऐकतील! मी पुन्हा लिहिलं, ‘तुम्ही बोला.’

“दादाशी? मी?” ह्यांनी चपला पायांत सरकवल्यासुद्धा. “बोलतो. सवडीनं बोलतो. तू डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. तुला आइस्क्रीम आणतो. डॉक्टरांनी सांगितलंय.”

माझ्या नवऱ्यासारखा गरीब माणूस तुम्हाला मिळणार नाही. पण गरीब माणसाचा उपयोग काय, असा प्रश्न मला त्या दिवशी फार जोरात पडला.

मग मी ठरवलं, आक्कांनाच सांगायचं. पाटीवर तेच परत लिहिलं आणि पदराखाली धरून मधल्या खोलीत गेले. आक्का ट्रंक भरत होत्या. पैठणीसारख्या जपलेल्या दोन इरकली साड्या वर, देवांचा डबा खाली. कट्टीकाकू चौकटीत टेकून उभ्या होत्या.

“स्वतः यावं लागलं हो त्याला न्यायला,” आक्का त्यांना सांगत होत्या. “म्हणाला, आक्का, तू आलीस की घराला घरपण येईल. शेवटी थोरला तो थोरला.”

भाऊजी असलं काही बोलले नव्हते. मी तिथंच होते ना! पण आक्का ते बोलत होत्या, आणि बोलताना त्यांची मान ताठ होती. माझ्या हातातली पाटी जड झाली. ही बाई गेली इतकी वर्षं माझ्याशी भांडताना ‘माझा मुकुंद’ ढालीसारखा पुढं धरत आली होती. मी ती ढाल कट्टीकाकूंच्या देखत फोडायची? माझ्याच्यानं ते होईना. मला तिची दया आली असं मुळीच नाही. दया करण्यासारखी ती बाई नव्हती. पण तिला हरवायचं तर मी हरवीन, रोज हरवीन. कुत्र्याच्या साखळीनं तिला कुणी हरवावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी पदरानंच पाटी पुसली.

“काय लिहिलं होतंस?” आक्कांनी विचारलं. माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

मी पाटीवर लिहिलं, ‘औषध कुठं ठेवलंय?’

“फडताळात,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा ट्रंकेकडं वळल्या.

सकाळी लवकर मारुती दारात लागली. ट्रंक मागं चढली. हे आदल्या दिवशी आइस्क्रीमचं दुकान बंद होतं म्हणून आता बर्फाच्या कारखान्याजवळच्या दुकानाला गेले होते, सकाळी सातला. कट्टीकाकू निरोपाला आल्या. आक्का इरकली नेसून उंबऱ्यापाशी उभ्या, हातात सुपारीचा डबा. भाऊजी पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते.

“शैला, दही घाल आक्कांच्या हातावर,” नलूवहिनी म्हणाल्या. “शुभ असतं.”

निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं काम घरच्या सुनेचं. मी स्वयंपाकघरात गेले. दह्याची वाटी ओट्यावर होती आणि तिच्या शेजारी ते पातेलं, माझ्या पुरणाच्या चाळणीनं झाकलेलं. चाळणी उचलली. गहू टरारून फुगले होते, पाण्यावर फेस आला होता. पाणी ताजं होतं. म्हणजे जायच्या दिवशी पहाटेसुद्धा आक्कांनी पाणी बदललं होतं.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी दही तिथंच ठेवलं, पातेलं उचललं, ते काखेशी घट्ट धरून बाहेर आले आणि उंबऱ्यात आक्कांच्या पायांपुढं दाणकन आदळलं. आंबूस पाणी नलूवहिनींच्या साडीवर उडालं.

आणि मी तोंड उघडलं.

“गहू कुणाच्या जिवावर टाकून निघालात?”

शब्द निम्मेच फुटले असतील. जबडा उघडत नव्हता, जीभ जड. पण आक्कांना माझं भांडण ओठांच्या हालचालीवरूनही कळलं असतं.

“काय म्हणालीस?”

“ऐकू येत नाही? गहू! चीक कोण शिजवणार? मी? या तोंडानं?”

“शैला, अगं टाके…” भाऊजी पुढं आले.

“तुम्ही मध्ये पडू नका! मी माझ्या सासूशी बोलतेय!” मी पुन्हा आक्कांकडं वळले. “माझं तोंड बंद पडलेलं बघून पळ काढताय होय? अर्धं काम टाकून? जा! खुशाल जा! मी बाजारातून पाकिटं आणीन कुरडयांची. पांढऱ्याशुभ्र असतात, तुमच्यापेक्षा!”

आक्कांच्या नाकपुड्या फुगल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

“पाकिटातल्या कुरडया? माझ्या घरात?”

“माझ्या घरात! तुम्ही आता पुण्याच्या!”

“कोण म्हणतं मी पुण्याची? जन्म गेला माझा या उंबऱ्यात! तुला चिकात साधा हात धरता येत नाही, आणि मला पाकिटं दाखवतेस?”

“दाखवणारच! आणि ही पुरणाची चाळणी परत झाकण म्हणून घ्यायची नाही!”

“घेणार! शंभरदा घेणार! मुकुंदा, ती ट्रंक उतरव खाली.”

माझ्या हनुवटीवरून काही तरी गरम ओघळलं. हात लावला तर रक्त. कट्टीकाकू किंचाळल्या. भाऊजी एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघत राहिले.

“आक्का, असं काय करतेस? तुझी इच्छा होती ना…”

“माझी इच्छा तू नको मला सांगूस,” आक्का म्हणाल्या. “ती मला ठाऊक आहे. आधी कुरडया होतील. मग पापड. मग सांडगे. मग लोणच्याच्या कैऱ्या येतील. मग पाऊस लागेल, आणि पावसात मी प्रवास करत नाही.”

“पण आम्हाला पुढच्याच आठवड्यात…” नलूवहिनींच्या तोंडून निघालं आणि त्यांनी ओठ चावला.

“पुढच्या आठवड्यात काय?” आक्कांनी शांतपणे विचारलं.

“काही नाही.”

“मग झालं तर.”

ट्रंक उतरली. मारुती गेली. सफरचंदं मात्र वहिनींनी आठवणीनं ठेवली आणि चिक्कीचा पुडा आठवणीनं परत नेला. गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच हे हजर झाले, हातात वितळून पाणी झालेल्या आइस्क्रीमचा डबा.

“झालं का सगळं?” ह्यांनी विचारलं.

आक्का आणि मी दोघींनी मिळून ह्यांच्याकडं असं बघितलं की हे डबा तिथंच ठेवून रिक्षा आणायला पळाले.

डॉक्टर कोरे माझ्यावर खूप रागावले. दोन टाके तुटले होते, ते पुन्हा घातले. “एवढं काय अडलं होतं बोलायचं?” त्यांनी विचारलं. बोळा तोंडात असल्यामुळं मला सांगता आलं नाही, आणि आक्का बरोबर आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “खोड आहे तिची. जात नाही.”

आता आक्काही नाहीत आणि वाळवण घालायची ती गच्चीही नाही. पण त्यानंतरची सगळी वर्षं त्या आमच्याकडं होत्या आणि भांडण एक दिवस चुकलं नाही. फक्त मुकुंदाकडे जाते, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. भांडण थांबवायला मग आम्हाला काहीच उरलं नव्हतं, त्यामुळं भांडणं जरा लांबायची.

चीक शिजला तो दिवस मात्र मला लख्ख आठवतो. सकाळचं कोवळं ऊन, गच्चीवर पसरलेला प्लॅस्टिकचा कागद, आक्का सोऱ्या फिरवून कुरडया पाडतायत आणि मी भिंतीच्या सावलीत बसलेली. मला काम लावलं नव्हतं. एका वाडग्यात गरम चीक, त्यात दूध आणि साखर घालून त्यांनी माझ्या हातात दिला होता. आजारी माणसाला याच्याइतकं मऊ दुसरं काही नाही. कुरडईचे वेढे एकावर एक बसत होते.

“तुला सांगते,” मान वर न करता आक्का म्हणाल्या, “मला कुत्र्यांची मुळात शिसारी. सहा महिने त्याला फिरवता फिरवता मेले असते मी त्या पुण्यात.”

माझा चमचा थांबला. पाटी मी पुसली होती. ह्यांची सांगायची छाती नव्हती. भाऊजींनी तर शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नव्हतं. मग मला ती गार झालेली पेज आठवली. लोटलेल्या दाराच्या पलीकडं वाडगा घेऊन आक्का किती वेळ उभ्या असतील, तेवढ्यात ती गार झाली असेल. सगळं ऐकून ही बाई ट्रंक भरत होती. पहाटे उठून गव्हाचं पाणी बदलत होती. आणि वाट बघत होती, आपल्याशी कुणी तरी भांडेल का म्हणून.

मी बोलायला तोंड उघडलं.

“मीट ते,” आक्का म्हणाल्या. “टाके तुटतील. चीक संपव आधी.” मग थोड्या वेळानं, सोऱ्यात नवा घाणा भरता भरता, “गुठळी लागली का गं कुठं?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

एक लागली होती. चांगली मोठी. मी ती जिभेनं उजवीकडं सरकवली आणि गिळून टाकली.